ड्रमोरीचा दरवाजा मिशिगनमध्ये

मित्रांनो, दर रविवारी ज्याला पाठ टेकून तुम्ही बर्फात भिजलेले बूट काढता, तो दरवाजा मी. तुमच्यातलं कुणी माझ्या खिळ्यांवर मोजे वाळत घालतं, कुणी माझ्या कडेला च्युइंगम चिकटवून ठेवतं. मी रागावत नाही. चारशे वर्षं उभं राहिल्यावर राग बराचसा झिजून जातो. पण एक गोष्ट मला नेहमी वाटते. मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या या एकखोली इमारतीला असा जाडजूड, लोखंडी खिळ्यांचा दरवाजा आला कुठून, हे तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत.

आज बाहेर हिम पडतंय. आत कुकरच्या शिट्ट्या होताहेत, कुणीतरी पेटी काढून सूर धरतंय. अशा वेळी मला तंद्री लागते आणि सगळं आठवू लागतं. ऐका तर मग.

स्कॉटलंडच्या उत्तरेला डोंगरांच्या कुशीत एक लांबट तळं आहे. त्याच्या काठावर मी ओकचं झाड होतो. झाड असतानाचं मला फारसं आठवत नाही. वारा तेवढा आठवतो, आणि धुकं. धुकं इतकं दाट असे की मला माझ्याच फांद्या दिसत नसत. मग कुऱ्हाड आली. दोन हिवाळे मला सावलीत वाळवलं. एका म्हाताऱ्या सुताराने माझ्या उभ्या फळ्यांवर आडव्या फळ्या बसवल्या आणि लोहाराने चारशे खिळे ठोकून मला एकजीव केलं. वर इवन मॅकफेल नावाच्या माणसाने आपल्या घराचं नाव आणि साल कोरून घेतलं. ड्रमोरी, १५९४.

ड्रमोरी हा किल्ला. पण किल्ला म्हटलं की तुमच्या आईबाबांच्या डोळ्यांपुढे तटबंदी, बुरूज, महादरवाजे येतील. ड्रमोरी तसा नव्हता. ते होतं चार मजल्यांचं एक उंच, अरुंद दगडी घर. खिडक्या हातभरसुद्धा नव्हत्या. आत जायला एकच वाट, आणि त्या वाटेवर मी. इवनने मला मुद्दाम बुटकं करवून घेतलं होतं. आत येणाऱ्याला मान लववावीच लागे, मग तो राजाचा दूत असो नाहीतर चोर.

त्यानंतर तीनशे तीस वर्षं मी मॅकफेल घराण्याचा राखणदार होतो. किती पिढ्या माझ्यातून गेल्या! इवनच्या सुनेचं नाव मार्जरी. नवरा लढाईत पडला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. शेजारचे लोक किल्ला बळकावायला आले. मार्जरीने मला बंद केलं, पाठीशी मेजं, बाकं, धान्याची पिंपं रचली, आणि तीन दिवस ती माझ्या आतल्या बाजूला पाठ लावून बसून राहिली. बाहेरून कुऱ्हाडीचे घाव पडत होते. प्रत्येक घावाला तिची पाठ हादरे, पण ती उठली नाही. चौथ्या दिवशी लोक कंटाळून निघून गेले. माझ्या उजव्या अंगावर तुम्ही बोटं घालता त्या तीन खाचा त्या घावांच्या आहेत.

तिच्या पणतूचं नाव अलास्टेर. तो राजाविरुद्धच्या बंडात गेला. बंड मोडलं, आणि मग सात वर्षं त्याचा पत्ता नव्हता. एका धुकट सकाळी एक दाढीवाला भिकारी आला आणि त्याने माझ्यावर बोटाने हलकेच दोनदा टकटक केलं. बायकोने त्याला ओळखलं नाही. तिने भाकरी दिली आणि ती वळली. तेव्हा तो म्हणाला, "तुझी काळी गाय अजून लाथा मारते का?" हातातलं भांडं खाली पडलं, त्याचा आवाज अजून माझ्या लाकडात आहे.

या गोष्टी त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात. शेकोटीपाशी बसून आजोबा नातवंडांना सांगत, नातवंडं मोठी होऊन आपल्या नातवंडांना सांगत. मीही तुम्हाला अगदी तशाच सांगितल्या. पण एक गोष्ट त्या घरात कुणी सांगत नसे, आणि मीही आत्ता ती गाळली आहे. तिची वेळ येईल.

शेवटचा मालक कॉलिन मॅकफेल. त्याचे दोन्ही धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात गेले. तो भला माणूस होता, पण किल्ला त्याच्या आवाक्याबाहेर गेला होता. पाऊस छपरातून जेवणाच्या ताटात पडायचा. त्याला एकच मुलगी, इझोबेल. तिला कोणी खेळगडी नव्हता, म्हणून ती माझ्यापाशी येऊन बसे. मांडीवर ब्रॅन नावाच्या कुत्र्याचं डोकं घेऊन त्याच्या कानातल्या गोचिड्या काढत बसे आणि माझ्याशी बोले. मोठी झाल्यावर छप्पर कसं दुरुस्त करायचं, कुठल्या खोलीत पुस्तकं ठेवायची, सगळं तिने मला सांगून ठेवलं होतं.

ती तेरा वर्षांची असताना अमेरिकेतून एक गृहस्थ आले. डेट्रॉइटजवळ त्यांचा मोटारींचे दिवे बनवायचा कारखाना होता. त्यांना जुन्या किल्ल्यासारखं घर बांधायचं होतं. त्यांनी आमच्या शेकोटीची दगडी मांडणी घेतली, जिना घेतला आणि मला घेतलं. मला चौकटीतून काढलं त्या दिवशी इझोबेल किल्ल्याच्या पायरीवर उभी होती. ती रडली नाही. ती नुसती त्या मोकळ्या चौकटीकडे पाहत राहिली. किल्ल्याला तोंड उघडं टाकून झोपलेल्या म्हाताऱ्याची कळा आली होती.

जहाजाच्या पोटात मी किती दिवस होतो, कोण जाणे. मग मिशिगनमधलं ते खोटं घर. तिथे मला दारूच्या तळघराला बसवलं. वीस-पंचवीस वर्षांनी ते गृहस्थ वारले, घर पाडलं गेलं, आणि एका शेतकऱ्याने मला बैलगाडीएवढ्या ट्रकवर टाकून आपल्या कोठारात नेलं. तिथे त्याने मला दोन पिंपांवर आडवं ठेवलं. माझ्यावर आधी पांढरा रंग बसला, मग लाल, मग हिरवा. वर मक्याची पोती आणि खाली डुकरं.

मित्रांनो, दार आडवं पडलं की ते दार उरत नाही, नुसती फळी होते. तीस वर्षं मी फळी होतो. त्या काळात मी फक्त स्वप्नं पाहिली. उंदरांची पिल्लं माझ्या फटीत वाढत, आणि मला वाटे, तळ्याकाठचं धुकं पुन्हा माझ्या फांद्यांत शिरतंय. कोठाराच्या छपरावर बर्फ घसरला की वाटे, मार्जरीने पाठ टेकली.

मग १९८३ सालचा ऑक्टोबर आला. शेत विकलं गेलं होतं, तिथे घरांची वसाहत होणार होती. कोठार पाडायच्या आधी शेतकऱ्याने पाटी लावली की जुनं लाकूड ज्याला हवं त्याने घेऊन जावं. एका शनिवारी सकाळी एक सावळा, चष्मेवाला माणूस आणि त्याची बायको आली. ते म्हणजे तुमचे ज्ञानदेव मेश्राम काका आणि कमला काकू.

नागपूर, अमरावती, औरंगाबाद अशा ठिकाणांहून आलेली अकरा बौद्ध कुटुंबं त्या वेळी डेट्रॉइटच्या आसपास राहत होती. ती दर महिन्याला कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमून वंदना घेत. त्यांनी मिळून ही जुनी एकखोली शाळा घेतली होती. भिंती भक्कम होत्या, पण दार पार कुजलं होतं. येत्या चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती आपल्या हॉलमध्ये करायची, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. ज्ञानदेव आले होते ते बाकं करायला लाकूड मिळतं का ते पाहायला.

त्यांनी माझ्यावरची पोती बाजूला केली आणि ते खाली वाकले. मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करणं हेच त्यांचं कंपनीतलं काम. माझ्या बिजागरीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"कमला, इकडे ये. हे बघ."

"अहो, काय बघू? डुकरांचा वास मारतोय नुसता."

"वास जाईल गं. हे काम बघ. हाताने घडवलंय. बारा वर्षं मी हेच करतोय, पण असं काम नाही पाहिलं. हे दार आहे, कमला. कुणीतरी दाराचं टेबल करून ठेवलंय."

"व्हॅनमध्ये बसणार आहे का ते?"

"तिरकं बसेल."

तिरका बसूनही मी व्हॅनच्या मागून हातभर बाहेर आलो होतो. कमला काकू वाटभर मागे वळून पाहत होत्या, मी पडतो की काय म्हणून.

तो सगळा हिवाळा मी मेश्रामांच्या गॅरेजमध्ये काढला. ज्ञानदेवांचे वडील नागपूरच्या रेल्वे कारखान्यात सुतार होते, त्यामुळे लाकडाला कसा हात लावायचा ते त्यांना ठाऊक होतं. कामावरून आले की ते कोट काढून पॉलिश पेपर घेऊन बसत. हिरवा रंग गेला, लाल गेला, पांढरा गेला. कमला काकू डेट्रॉइटच्या एका हॉस्पिटलात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या. ड्यूटी संपवून आल्या की त्या मला जवसाचं तेल चोळायच्या. त्यांचे हात मला फार आवडायचे. नुकत्याच जन्मलेल्या बाळांना धरायची सवय असलेले हात होते ते.

अधूनमधून डॉक्टर दादाराव काका येऊन माझ्यावर बुटाने ठोकून पाहायचे. हॉलच्या कामात ते सगळ्यांत वडीलधारे. "ज्ञानदेव, फायर इन्स्पेक्टर पास करेल का रे हे? नाहीतर मेहनत सगळी वाया."

"करेल, काका. बाहेरच्या बाजूला उघडेल असं बसवतो."

एक दिवस मेश्रामांची दहा वर्षांची संघमित्रा ओरडली, "बाबा, लुक! देअर इज रायटिंग!" पांढऱ्या रंगाखालून इवनने कोरलेली अक्षरं वर आली होती. तिने ती वहीत उतरवून घेतली, शाळेच्या प्रोजेक्टमध्ये लिहिली, आणि गावच्या साप्ताहिकाने ते पान माझ्या फोटोसकट छापलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी गॅरेजसमोर एक जुनी निळी मोटार थांबली. आतून एक उंच, वाळकी म्हातारी उतरली. तिने पांढऱ्या केसांवर लोकरीची टोपी ओढलेली होती. तिने कुणाला नमस्कार-चमत्कार केला नाही. सरळ माझ्यापाशी आली, गुडघे टेकून बसली, आणि माझ्या खालच्या कोपऱ्यातल्या ओरखड्यांवर बोटं ठेवली.

"ब्रॅन," ती म्हणाली. "इथे ब्रॅन नखं मारायचा."

माझी इझोबेल बहात्तर वर्षांची झाली होती.

ड्रमोरी तिच्या वडिलांच्या हातून गेल्यावर ती शिकली, शिक्षिका झाली, आणि १९४९ साली डेट्रॉइटच्या शाळेत भूगोल शिकवायला आली. लग्न केलं नाही. आता ती पाच-सहा मैलांवर प्लिमथ गावात दोन खोल्यांत राहत होती. म्हणजे मी डुकरांवर आडवा पडून जिची स्वप्नं पाहत होतो, ती रोज त्याच कोठारासमोरच्या रस्त्याने गाडी चालवत शाळेत जात होती!

कमला काकूंनी तिला चहा दिला. चहात आलं होतं. ती एक घोट घेऊन खोकली, आणि मग दुसरा कप मागून घेतला. त्या दिवसापासून ती दर बुधवारी आणि शनिवारी येऊ लागली. कमला काकू तिला मावशी म्हणू लागल्या, संघमित्रा आजी. ती "जय भीम" म्हणायला शिकली. पोरांना भोवती घेऊन ती मार्जरीची गोष्ट सांगे, अलास्टेरची सांगे. मी डोळे मिटून ऐकत असे. दरवाजाला डोळे नसतात म्हणाल तर खरं आहे, पण त्या वेळी मला ते मिटल्यासारखे वाटत.

याच आनंदात तिने एक पत्र लिहून टाकलं. ड्रमोरीचं पडझड झालेलं घर एका एडिंबराच्या गृहस्थाने घेतलं होतं, आणि तो ते पुन्हा पहिल्यासारखं उभं करत होता. त्याला तिने कळवलं की दरवाजा सापडला आहे. एप्रिल उजाडता उजाडता उत्तर आलं. ते घेऊन ती गॅरेजमध्ये आली तेव्हा ज्ञानदेव, कमला काकू आणि दादाराव काका तिघंही माझी चौकट मोजत होते.

पत्रात लिहिलं होतं, दरवाजा परत द्या. त्याच्या बदल्यात तुमच्या हॉलला नवा ओकचा दरवाजा करून पाठवतो. आणि मिस मॅकफेल यांच्यासाठी पहिल्या मजल्यावरची तळ्याकडची खोली राखून ठेवतो. त्यांनी यावं आणि हयातभर राहावं.

"ती माझी खोली होती," इझोबेल म्हणाली.

ती पत्र ठेवून गेल्यावर दादाराव काका म्हणाले, "हे काही बरोबर नाही हं. डुकरांच्या खालून आपण काढलं. सहा महिने तू घासतोयस. तेव्हा कुठे गेले होते हे किल्लेवाले? सॉरी, नाही देता येणार, असं सरळ कळव."

"काका, ते त्यांचं घर आहे," ज्ञानदेव म्हणाले.

"होतं!"

"घर मागणाऱ्याला नाही कसं म्हणू? मला नाही जमणार."

शेवटी ठरलं, जयंतीपुरता मला हॉलला बसवायचं आणि नंतर पेटीत घालून पाठवायचं. ज्ञानदेव त्या दिवशी पॉलिश पेपर हातात घेऊन बराच वेळ नुसते बसून राहिले. मी? मित्रांनो, खरं सांगू का, मला जायचं होतं. मला धुक्याची ओढ लागली होती. तळ्यावरचा वारा, पायरीवरचं शेवाळ, सगळं अगदी जवळ आल्यासारखं झालं होतं.

जयंतीच्या आधीच्या बुधवारी कमला काकू आणि इझोबेल दोघीच गॅरेजमध्ये होत्या. तेलाचा शेवटचा हात चालला होता. एक बाहेरच्या अंगाला, एक आतल्या. त्या इंग्रजीतच बोलत, पण मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो.

"मावशी, तुमच्या सगळ्या गोष्टी फार छान आहेत," कमला काकू म्हणाल्या. "पण त्यात सगळी आतलीच माणसं आहेत. बाहेरचं साधं कुणी कधी आलंच नाही का या दाराशी?"

त्यांनी सहज विचारलं होतं. पण इझोबेलचा हात थांबला. फडक्यातून तेल तिच्या मनगटावर ओघळत होतं तरी तिला भान नव्हतं.

"आले होते," ती म्हणाली. "आमच्या घरात ते कुणी सांगत नाही. मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही."

मग तिने ती गोष्ट सांगितली. १८४७ सालचा फेब्रुवारी. बटाटे शेतात सडून दुष्काळ पडला होता. इझोबेलच्या पणजोबांना, ह्यू मॅकफेलना, खोऱ्यात मेंढ्या पाळायच्या होत्या. मेंढ्यांना रान हवं, माणसं नकोत. खोऱ्यात बत्तीस कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. सरकारी शिपायांनी त्यांच्या घरांची छपरं ओढून पाडली. ते सगळे, मुलाबाळांना कांबळ्यांत गुंडाळून, किल्ल्याशी आले. निदान बर्फ वितळेपर्यंत राहू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ह्यूने मला बंद करून अडसर घातला आणि तो जेवायला बसला.

दुपारपासून ते लोक माझ्यावर तळहात आपटत होते. हत्यारं नव्हती त्यांच्याकडे, नुसते हात. कुऱ्हाडीचे घाव मी सोसले आहेत मित्रांनो, पण ते तळहात मला जास्त लागले. एक बाई लहान मुलाचा हात धरून त्याच्याकडूनही वाजवून घेत होती. सूर्य गेला, हात कमी होत गेले. मग ते किनाऱ्याकडे चालू लागले. पुढे एका जहाजाने त्यांच्यातल्या बहुतेकांना कॅनडाला नेलं. सगळेच पोचले नाहीत.

"आणि तुला खाली काढलं त्या दिवशी," इझोबेल आता माझ्याशीच बोलत होती, "किनाऱ्यावर मागे राहिलेल्यांच्या वस्तीतून म्हातारी मारी आली होती. तिची आजी त्या दिवशी बाहेर उभी होती. कामगारांनी तुला भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मारी तुझ्याभोवती फिरून मागच्या बाजूला गेली, हात लावला, आणि म्हणाली, 'आतली बाजू अशी असते होय!' मी तेरा वर्षांची होते. मला कुठे तोंड लपवू असं झालं."

कमला काकू बराच वेळ तेल चोळत राहिल्या.

"माझी आई सुईण होती," मग त्या म्हणाल्या. "गावातल्या मोठ्या घरांची बाळंतपणं तीच करायची. पण मागच्या दाराने आत आणि मागच्या दाराने बाहेर. ती गेली की तिची पावलं पडलेली जागा सारवून घ्यायचे. ज्या पोरांना तिने जगात आणलं, तीच मोठी होऊन तिला म्हणायची, लांब उभी राहा. पुढचं दार आतून कसं दिसतं, तेही तिने कधी पाहिलं नाही."

"आणि तू?"

"मी काय? मी रोज दोन-तीन बाळं हातात घेते. पार्किंगमध्ये गाडी लावते आणि पुढच्या दाराने जाते. सिक्युरिटीवाला गुड मॉर्निंग म्हणतो." त्या हसल्या. इझोबेलही हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. दोघींनी ते काम पुरं केलं.

चौदा एप्रिल १९८४, शनिवार. त्या दिवशी थंडी होती, पण ऊन लख्ख होतं. ज्ञानदेवांनी मला आदल्या दिवशीच बसवलं होतं. तीस वर्षांनी मी उभा होतो! दार उघडायचा मान दादाराव काकांचा, असं ठरलं होतं. हॉलच्या बाहेर सगळी कुटुंबं जमली, पांढऱ्या साड्या, सूट, हातात भाताची आणि रश्शाची मोठमोठी पातेली. तेवढ्यात इझोबेल दादाराव काकांजवळ आली.

"डॉक्टर, माझी एक विनंती आहे. मला एकटीला आत जाऊ द्या. मी आतून उघडते."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. का, असं त्यांनी विचारलं नाही. "या, मावशी," म्हणाले आणि बाजूला झाले.

ती आत गेली. तिने मला ओढून घेतलं. मग दादाराव काकांनी तळहाताने माझ्यावर दोनदा थाप मारली.

तिने मला दोन्ही हातांनी ढकललं. मी जड आहे, आणि ती म्हातारी होती, पण मी सगळा भार बिजागऱ्यांवर घेतला आणि अलगद उघडलो. ती उंबऱ्यावर उभी राहिली. कमला काकूंनी तिला एक शब्द शिकवला होता, तो ती प्रत्येकाला म्हणत होती. "या." पातेली घेऊन आलेल्या बायकांना, "या." कडेवरच्या पोरांना, "या." पंचेचाळीस माणसं आत आली. माझ्या बुटकेपणामुळे मोठ्यांना थोडं वाकावं लागलं. दादाराव काका टक्कल चोळत म्हणाले, "अरे, हे कुणी केलंय इतकं बुटकं?" सगळे हसले. शेवटचं माणूस आत येईपर्यंत ती मला धरून उभी होती. मग मेणबत्त्या लागल्या, त्रिसरण-पंचशील सुरू झालं, आणि इझोबेल मागच्या खुर्चीवर डोळे मिटून बसली.

जेवणं झाल्यावर तिने पर्समधून कागद काढला आणि ज्ञानदेवांना वाचून दाखवला. एडिंबराच्या गृहस्थाला लिहिलेलं उत्तर होतं ते. फार लांब नव्हतं. "महाशय, दरवाजा सध्या कामावर आहे. त्याला येता येणार नाही. आपण आपल्या घराला नवा करून घ्यावा. आपली, इझोबेल मॅकफेल."

"पण मावशी, तुमची खोली?" ज्ञानदेव गडबडून गेले. "दरवाजा नाही दिला तर ते तुम्हाला खोली देणार नाहीत. नीट विचार करा. आम्ही दुसरं दार बनवू, खरंच."

"मला आता जिने चढवत नाहीत," ती म्हणाली.

ते खोटं होतं. सगळे भांडी आवरत होते तेव्हा ती माझ्यापाशी आली, कोपऱ्यात गाल टेकला, आणि तेरा वर्षांची असताना जे रडणं राहिलं होतं ते रडली. तिने काय सोडलं, हे त्या हॉलमध्ये मला एकट्याला कळत होतं. माझं धुकंही तळ्याकाठीच राहिलं. पण त्या दुपारी मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझ्यातून पोरं आत-बाहेर पळत होती, मला कुठलंच स्वप्न आठवायला सवड नव्हती.

पुढे १९८६ च्या उन्हाळ्यात इझोबेल एकदा ड्रमोरी पाहून आली. परत आल्यावर पहिल्याच रविवारी कमला काकूंना माझ्याशेजारी बसवून तिने सगळं सांगितलं. किल्ला सुंदर झाला आहे, छप्पर गळत नाही, नवा दरवाजा चांगला आहे. पण ती टेकडी चढून पोचली तेव्हा सव्वाचार झाले होते. दारावर पाटी होती, पाहण्याची वेळ दहा ते चार. तिने ठोठावलं. आतून एका तरुण पहारेकऱ्याने डोकं काढलं आणि म्हणाला, "सॉरी मॅडम, उद्या या."

"तुम्ही सांगितलं नाहीत कोण आहात ते?" कमला काकूंनी विचारलं.

"सांगणार होते. तोंड उघडलं आणि मिटलं. पायरीवर बसले. पाऊस सुरू झाला. तासभर तशीच बसले, कमला. भिजले, गारठले. मनात म्हटलं, इझोबेल, बस इथे जरा." मग ती मोठ्याने हसू लागली. कमला काकूंनी तिचा हात हातात घेतला, आणि त्याही हसू लागल्या, आणि दोघींचे डोळे गळत होते.

दुसऱ्या दिवशी ती दहा वाजता पुन्हा गेली नाही. तळ्याकाठी फिरून आली, आणि तिकडचा मुक्काम आठवडाभर आधीच संपवून इकडे परतली.

आता ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे. त्या पलीकडच्या खुर्चीत पेंगतेय ती इझोबेल आजी. तुम्ही धावत जाता आणि दार धाडकन आपटता, तेव्हा दचकून जागी होते, पण कधी ओरडत नाही.

मित्रांनो, माझी फार मागणी नाही. वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या आधी, बिजागऱ्यांना तेल घाला. अंगावर जवसाच्या तेलाचा एक हात फिरवा. च्युइंगम शक्यतो कचऱ्यात टाका. कुठे जुनं दार आडवं पडलेलं दिसलं तर त्याला उभं करून पाहा. आणि बाहेरून कुणी हात वाजवला तर हातातला खेळ तसाच टाकून उठा. माझे खिळे भक्कम आहेत, लाकूड अजून शंभर वर्षं टिकेल. पण एवढं एक मला कधीच जमलेलं नाही. मला स्वतःहून उघडता येत नाही.